खिशातले कीटक

‘पोकेमॉन’ या जपानी खेळाच्या पहिल्या भागात खेळाडू घर सोडून निघतो आणि पहिले नगर ओलांडताच एका अरण्यात शिरतो. तेथे त्याची वाट अडवणारा कोणी योद्धा नसतो, की मांत्रिकही नसतो. असतो तो हातात जाळी घेतलेला एक शाळकरी मुलगा. जपानी आवृत्तीत त्याला ‘मुशितोरी शोनेन’ म्हणतात. म्हणजे किडे पकडणारा पोरगा. त्याच्यापाशी दोन-तीन सुरवंट आणि एखादा कोष एवढेच सैन्य असते. खेळाडू त्याला सहज हरवतो, थोडे पैसे जिंकतो आणि पुढे निघून जातो. पुढे त्याला आग ओकणारे आणि मनःशक्तीने लढणारे प्राणी भेटायचे असतात. या पोराची आठवण ठेवण्याचे त्याला काही कारण उरत नाही. वास्तविक हा सारा खेळ त्या पोराच्याच जाळीतून बाहेर पडलेला आहे.

‘पोकेमॉन’ हे ‘पॉकेट मॉन्स्टर’ या दोन शब्दांचे लघुरूप आहे. खिशात मावणारे अद्भुत प्राणी, असा त्याचा अर्थ. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी या खेळाच्या ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या जपानमध्ये प्रसिद्ध झाल्या. रानावनांत हिंडायचे, तेथील प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन ‘प्रकार’ दिलेले असतात. अग्नी, जल, वनस्पती, वीज, खडक, विष असे आरंभी पंधरा प्रकार होते. आज ते अठरा आहेत. त्यांतला एक प्रकार आहे कीटकांचा. अग्नी आणि जल यांच्यासारख्या महाभूतांच्या पंक्तीला किड्यांना बसवावे, हे कोणालाही विचित्र वाटेल. पाश्चात्त्य कल्पनेतील चार तत्त्वांत किंवा भारतीय पंचमहाभूतांत किड्यांना जागा नाही. ती या खेळात मिळाली, कारण खेळाच्या जनकाचे बालपण किड्यांच्या मागे धावण्यात गेले होते.

सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियो महानगराच्या कडेला वसलेल्या माचिदा येथे ते वाढले. त्या काळी माचिदाभोवती भातशेते, तळी, ओढे आणि झाडीने भरलेल्या टेकड्या होत्या. जपानी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत किडे पकडण्याचा मोठा नाद असतो. ‘काबुतोमुशी’ नावाचा शिंगवाला भुंगा त्यांचा विशेष लाडका. त्याच्या डोक्यावरील शिंग योद्ध्याच्या शिरस्त्राणासारखे दिसते, म्हणून त्याला हे नाव पडले. दोन भुंगे एका ओंडक्यावर ठेवून त्यांची कुस्ती लावतात. शहरांतील मोठ्या दुकानांतही हे भुंगे विकत मिळतात. कोकणातील नारळ बागायतदाराला हे ऐकून हसू येईल, कारण या भुंग्याचा सख्खा भाऊबंद असलेला गेंड्या भुंगा माडाचा कोंब पोखरतो आणि बागायतदार त्याला तारेच्या आकड्याने ओढून काढून मारतो. एकाच कुळातील किडा एका देशात मुलाच्या उशाशी पेटीत झोपतो आणि दुसऱ्या देशात शत्रू ठरतो.

इतर मुले भुंगे पकडण्यासाठी झाडाच्या सालीला मध फासून ठेवीत. ताजिरींची युक्ती निराळी होती. भुंगे दिवसा झोपतात आणि दगडाखालचा गारवा त्यांना आवडतो, हे त्यांनी निरीक्षणाने हेरले होते. ते झाडाच्या बुंध्याशी दगड ठेवून येत आणि सकाळी जाऊन तो उचलीत. खाली भुंगे आयतेच सापडत. सोबतच्या मुलांनी त्यांचे नाव ‘डॉक्टर किडा’ असे ठेवले होते. ही युक्ती लहानशी खरी, परंतु तिच्यामागे एक शिस्त आहे. किडा पकडायचा असेल तर त्याच्या मागे धावण्याआधी त्याला काय आवडते हे ठाऊक करून घ्यावे लागते.

ज्या वर्षी ताजिरी जन्मले त्याच वर्षी, १९६५ मध्ये, टोकियोच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर ‘तामा न्यू टाउन’ नावाचे विशाल उपनगर उभारण्याचा आराखडा मंजूर झाला. त्याचा काही भाग माचिदाच्या हद्दीत येतो. १९७१ पासून तेथे लोक राहायला येऊ लागले. टेकड्या सपाट झाल्या, झाडी तोडली गेली, इमारतींच्या रांगा उठल्या. राजधानीत कामाला येणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना डोक्यावर छप्पर हवे होते, त्यामुळे या बांधकामाला निव्वळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. पण वर्षागणिक झाडे कमी झाली, तसे किडेही कमी झाले. मुलांचा मासे पकडण्याचा डोह बुजवला गेला आणि त्या जागी नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांचे दालन उभे राहिले. ताजिरी त्या दालनात जाऊ लागले. किडे हरवले होते; हरवलेल्या जागीच त्यांना नवा छंद सापडला.

१९८३ साली, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, त्यांनी व्हिडिओ खेळांविषयी ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक काढले. चित्रकार केन सुगिमोरी त्यातूनच त्यांना येऊन मिळाले आणि १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘गेम बॉय’ बाजारात आला. दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती. बहुतेक खेळ-रचनाकारांना त्या तारेत स्पर्धेचे साधन दिसले. ताजिरींना तिच्यावरून एक किडा सरपटत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना दिसला. पुढे १९९९ साली दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी ही गोष्ट सांगितली आहे. मुलांना आता घराबाहेर किडे पकडायला जागा उरलेली नाही आणि किडे पकडण्याचा आनंद आपण स्वतःही विसरून गेलो होतो, हेही त्यांनी तेथेच म्हटले आहे. त्या कल्पनेचा खेळ होण्यास सुमारे सहा वर्षे लागली. त्या खेळात ‘देवाणघेवाण’ इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर त्या तारेत आहे. लाल आवृत्तीत काही प्राणी सापडत नाहीत आणि हिरव्या आवृत्तीत दुसरे काही सापडत नाहीत; ज्याला सगळे हवेत त्याने मित्राकडे जाऊन अदलाबदल केली पाहिजे. ही रीत काड्यापेटीत किडे घेऊन एकमेकांना भेटणाऱ्या पोरांची आहे.

अशा माणसाने कीटकांना खेळात सर्वश्रेष्ठ स्थान दिले असेल, असे कोणालाही वाटेल. घडले नेमके उलटे. कीटक-प्रकार हा सर्वांत दुबळ्या प्रकारांपैकी एक मानला जातो. अग्नी, उडणारे प्राणी आणि खडक यांच्यापुढे तो हार खातो. त्यामागचे तर्क साधे आहेत: किडा जळतो, पक्षी त्याला टिपतो, दगडाखाली तो चिरडतो. वनस्पतींवर मात्र त्याची सरशी होते, कारण तो पाने कुरतडतो. मनःशक्तीच्या प्राण्यांवरही तो भारी पडतो. मोठमोठ्या बुद्धिमंतांचे चित्त एखादे झुरळ विचलित करते, असा याचा अर्थ पुष्कळ खेळाडू लावतात, आणि तो पटण्यासारखा आहे.

पहिल्या भागातील १५१ प्राण्यांपैकी केवळ १२ कीटक-प्रकारचे होते, आणि त्यांची अवस्था जवळजवळ विनोदी होती. कीटकांचे म्हणता येतील असे हल्ले अवघे तीन. त्यांपैकी एक हल्ला कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या, वीज-प्रकारच्या एका प्राण्यालाही येत असे. पण पिन्सर नावाचा चिमटेवाला भुंगा, सायथर नावाचा कोयत्यासारख्या हातांचा प्राणकीटक आणि बटरफ्री हे फुलपाखरू, या तिघांना त्यांतला एकही हल्ला येत नव्हता. त्या खेळात मनःशक्तीचे प्राणी सर्वांत प्रबळ होते आणि त्यांना नमवण्याचे सामर्थ्य कागदोपत्री कीटकांकडे होते. परंतु कीटकांचा सर्वांत जोरदार हल्ला येत असे तो बीड्रिल नावाच्या गांधीलमाशीला, आणि ती कीटक असून शिवाय विष-प्रकारचीही होती. विष मनःशक्तीपुढे टिकत नाही. म्हणजे जिच्या हाती औषध होते तिलाच त्या रोगाची बाधा होत होती. त्याच भागात विष आणि कीटक हे दोन्ही एकमेकांना दुप्पट इजा करीत. १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात हा हिशेब मोडून कीटकांचे विषावरील वर्चस्व काढून घेतले गेले. कीटकनाशकांच्या युगात तो निर्णय अधिक वास्तववादी म्हणावा लागेल, पण पहिली कल्पना जास्त रंजक होती.

तरीही या दुबळेपणात निरीक्षण आहे. कॅटरपी नावाचा सुरवंट सातव्या पातळीवर कोष होतो आणि दहाव्या पातळीवर फुलपाखरू. त्याच खेळातील ड्रॅगनला पूर्ण वाढ होण्यासाठी पंचावन्नाव्या पातळीपर्यंत वाट पाहावी लागते. किड्याचे आयुष्य आखूड असते. त्याला वाढण्याची घाई असते. ज्याने अंड्यातून सुरवंट, सुरवंटातून कोष आणि कोषातून पाखरू निघताना पाहिले आहे त्यालाच हा वेग ठाऊक असणार. कोषाची अवस्थाही पाहण्याजोगी आहे. रानात सापडलेल्या मेटापॉड या कोषाला पहिल्या भागात एकच गोष्ट करता येते: कवच कठीण करणे. तो कोणावर हल्ला करू शकत नाही. दोन कोष समोरासमोर आले तर दोघेही फक्त कठीण होत जातात. मुलांना याचे हसू येते. परंतु आत काहीतरी घडते आहे आणि बाहेरून त्याला फक्त टिकून राहायचे आहे, ही कोषाची खरी स्थिती याहून नेमकेपणाने कोणी मांडली असेल असे वाटत नाही.

पॅरास नावाच्या किड्याच्या पाठीवर दोन अळंबी उगवलेली असतात. वाढ झाली की त्याचा पॅरासेक्ट होतो. तेव्हा एकच प्रचंड अळंबे उरते, खालच्या किड्याचे डोळे पांढरे पडलेले असतात आणि त्याला चालवते ते अळंबेच. ही भीषण कल्पना निसर्गातलीच आहे. जपानी भाषेत तिला ‘हिवाळी किडा, उन्हाळी गवत’ अशा अर्थाचे नाव आहे. जमिनीखालील अळीच्या अंगात एक बुरशी शिरते, अळीला आतून खाऊन टाकते आणि बर्फ वितळल्यावर तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. हिमालयात उत्तराखंडच्या पिथोरागढ भागात हीच वस्तू ‘कीडाजडी’ या नावाने ओळखली जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथील गावकरी उंच कुरणांवर तंबू ठोकून, जमिनीला डोळे लावून ती शोधतात, कारण औषध म्हणून तिला मोठी किंमत मिळते.

खेळ सर्वत्र इतका खरा राहत नाही. चौथ्या भागात कोंबी नावाची मधमाशी येते. आठांतील एखादीच कोंबी मादी असते आणि फक्त तीच पुढे राणी होते. उरलेले नर आयुष्यभर जसेच्या तसे राहतात. राणी दुर्मीळ, हे बरोबर. पण खऱ्या पोळ्यात राबणारी प्रत्येक माशी मादी असते आणि नरांचीच संख्या थोडी असते. मधमाश्या पाळणारा कोणीही खेळाची ही चूक तत्काळ दाखवील. स्पिनारॅक नावाच्या कोळ्याला आठांऐवजी सहाच पाय दिले आहेत. मुळात कोळी हा प्राणिशास्त्राच्या दृष्टीने कीटकच नव्हे, तरी त्याला या प्रकारात घातले आहे. विंचवाचे पिल्लूही आहे, आणि गंमत म्हणजे मोठे झाल्यावर त्याच्यावरचा कीटकपणाचा शिक्का पुसला जातो.

कोळी-विंचू येथे आले ते भाषेच्या दारातून. जपानी ‘मुशी’ हा शब्द शास्त्रीय ‘कीटक’ या शब्दापेक्षा पुष्कळ ऐसपैस आहे. त्यात कोळी येतो, गांडूळ येते, वळवळणारे सारेच येते. मराठीतील ‘किडा’ हा शब्दही असाच सैल आहे. सतत वाचणाऱ्या माणसाला जपानीत ‘होन नो मुशी’, म्हणजे पुस्तकातला किडा म्हणतात. मराठीतही तो पुस्तकी किडाच. एखादी कल्पना पाठ सोडीनाशी झाली की मराठी माणसाच्या डोक्यात किडा वळवळतो. ताजिरींच्या डोक्यात तो सहा वर्षे वळवळत होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्या भागात तर कीटक पकडण्याची स्पर्धाच आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी एका उद्यानात ती भरते. मोजके वीस चेंडू घेऊन आत जायचे, ठरलेल्या वेळात किडे शोधायचे आणि त्यांतला सर्वोत्तम असा एकच परीक्षकांना दाखवायचा. यात कोणाला हरवायचे नसते, जग वाचवायचे नसते. खेळाच्या गदारोळात ही एक निवांत दुपार आहे. नंतरच्या कित्येक भागांत ती नाही.

आता थोडे अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. इंग्लंडमधील शाळकरी मुलांना त्यांनी दोन तऱ्हेची चित्रे दाखवली होती: एकीकडे पोकेमॉन, दुसरीकडे त्या देशात आढळणारे खरे प्राणी, वनस्पती आणि किडे. आठ वर्षांपुढील मुलांना खऱ्या सृष्टीपेक्षा पोकेमॉनच अधिक ओळखू आले. या निष्कर्षावर सर्रास हळहळ व्यक्त होते. वास्तविक त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. शेकडो प्राण्यांची नावे, सवयी, रूपांतरे आणि वैर-मैत्री लक्षात ठेवण्याची शक्ती मुलांत शाबूत आहे, हे त्यातून सिद्ध झाले. संशोधकांचा रोखही त्या दिशेनेच होता. मुलांची नजर मंदावलेली नाही. तिच्यासमोर जे ठेवले गेले ते तिने टिपले. माचिदाच्या टेकडीवर झाडी असती तर तिने झाडी टिपली असती.

तथापि काही गोष्टी पडद्यावर येऊ शकल्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. भुंग्याच्या नख्या बोटावर रुततात, तो अनुभव नाही. ओल्या पाचोळ्याचा वास नाही. आणि मरण नाही. पोकेमॉन झुंजीत हरतात तेव्हा ते मूर्च्छित होतात, मरत नाहीत. हे ताजिरींनी जाणूनबुजून केले. खेळात हरताच मुले सहजपणे ‘मेलो’ म्हणतात, ते त्यांना रुचत नव्हते. मृत्यूचा आदर राखला जावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा विचार थोर आहे. मात्र ज्या मुलाने खरा भुंगा पाळला त्याला उन्हाळा संपताना एका सकाळी पेटीत तो उताणा पडलेला दिसतो. पूर्ण वाढलेला काबुतोमुशी हिवाळा पाहत नाही. लहान मुलाला मृत्यूची पहिली ओळख अनेकदा अशा किड्याकडूनच होते, आणि त्या धड्यासाठी दुसरा शिक्षक मिळणे कठीण.

खेळाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे २००२ मध्ये, त्या धड्याची एक पुसट सावली उमटली आहे. सिकाडा हा झाडावर बसून दिवसभर किर्र करणारा कीटक वर्षानुवर्षे जमिनीखाली राहतो. एके दिवशी तो वर येतो, झाडाच्या खोडाला घट्ट धरतो, त्याची पाठ उकलते आणि आतून पंखवाला जीव उडून जातो. मागे उरते कवच. पाय, डोळे, सारे जसेच्या तसे, आत मात्र काही नाही. जपानी साहित्यात या कवचाला फार जुना मान आहे. मुरासाकी शिकिबू यांच्या अकराव्या शतकातील ‘गेंजी मोनोगातारी’ या ग्रंथात याच नावाचे एक प्रकरण आहे. त्यातील स्त्री आपले वस्त्र मागे टाकून निसटून जाते.

पोकेमॉनमध्ये निनकाडा नावाचा भूमिगत किडा विसाव्या पातळीवर पंख फुटून निनजास्क होतो. तो अतिशय चपळ असतो आणि खेळाडूचे सारे लक्ष त्याच्याकडे जाते. पण त्याच वेळी एक दुसरा प्राणीही न मागता खेळाडूच्या ताफ्यात येऊन राहतो. त्याचे नाव शेडिन्जा. ते निनकाडाचे टाकलेले कवच असते. त्याचे दोन प्रकार आहेत, कीटक आणि भूत. ते हलत नाही, श्वास घेत नाही. त्याच्या पाठीवर एक चीर असते आणि तिच्यातून आत डोकावणाऱ्याचा आत्मा हरपतो, अशी खेळातील समजूत आहे. इतर प्राण्यांचे बळ शेकड्यांत मोजले जाते. याचे बळ कायम एक. कितीही वाढवले तरी एकच. नेमका दुखरा प्रकार वापरून मारलेला एक फटका त्याला पुरतो, आणि बाकीचे सारे फटके त्याच्यातून आरपार निघून जातात. ते मिळवण्यासाठी एकच अट या भागात घातलेली आहे. निनकाडाला पंख फुटतील त्या घटकेला, खेळाडूच्या ताफ्यातील सहा जागांपैकी एक जागा रिकामी असावी लागते.